रक्तातला आकडा

“यातलं प्यायलंय कोण?”

डॉक्टरांनी दारातूनच विचारलं. विचारणारच. खोलीत पाय ठेवला की दारूचा भपकारा नाकात शिरत होता. एका खाटेवर माझा धाकटा भाऊ दिग्विजय आडवा पडला होता, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल रक्तानं भिजलेला. शेजारच्या खाटेवर माझे मालक भानुदास पाय खाली सोडून बसले होते. त्यांचा शर्ट छातीपासून कमरेपर्यंत ओला होता आणि निम्मा वास त्या शर्टाचाच होता.

“आमचे मालक घेत न्हाईत, डॉक्टर,” मी म्हणाले. “बाटल्यांची पिशवी यांच्या मांडीवर हुती, ती फुटली. एस.टी.त ड्रायव्हर हायत ते. शिवत सुद्धा न्हाईत.”

“ड्रायव्हर आणि शिवत नाहीत?” डॉक्टर हसले. दमलेल्या माणसाचं हसणं होतं, त्यात वाईट काही नव्हतं. “ताई, इथं आलेला कुणीच घेत नसतो.”

मालकांनाही हसू आलं. “मला काय झालं न्हाई, साहेब. आधी दिगूकडं बघा. टाळकं फुटलंय त्याचं.”

तेवढ्यात दिगूनं भडाभडा ओकायला सुरुवात केली. डॉक्टर तिकडे धावले, सिस्टर धावल्या, आणि डॉक्टरांचा प्रश्न तसाच अर्धवट राहिला. सिस्टरनी एक चिठ्ठी माझ्या हातात कोंबली. सलाईनच्या नळ्या, सुया, धनुर्वाताचं इंजेक्शन. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर फुकट, बाकी सगळं समोरच्या मेडिकलमध्ये. मी पळाले. आई तिथंच दिगूच्या उशाला उभी राहिली.

त्या दिवशी दिगूच्या पोराचं जावळ होतं. आमच्याकडे जावळ म्हणजे बोकड, आणि बोकड पडला की बाप्यांची बाटली ठरलेली. गावाबाहेर म्हसोबाच्या लिंबाखाली पंगती चालल्या होत्या. दिगूचं सकाळपासूनच चालू होतं. भर दुपारी बाटल्या संपल्या आणि हा नवी मोटारसायकल काढून तालुक्याला निघाला. मालक उठले, म्हणाले, “आण ती किल्ली, मी चालवतो.” दिगूनं किल्ली वर धरली. “दाजी, आज तुमी पाव्हणं. पाव्हण्यानं मागं बसायचं.” सगळी पंगत हसली. घाटात एस.टी. चालवणारा माणूस मग गुमान साल्याच्या मागे बसला. जावयानं सासुरवाडीत हट्ट करायचा नाही, अशी आमची रीत. येताना ओढ्याच्या पुलावर गाडी कठड्याला धडकली.

आई कशी होती ते सांगायला हवं. नवरा लवकर गेला, दोन पोरं एकटीनं वाढवली. मला वाढवलं आणि दिगूला जपलं, एवढाच काय तो फरक. आदल्या दिवाळीत दिगूला पिऊन गाडी चालवताना पोलिसांनी धरलं, तेव्हा फौजदाराच्या पायावर डोकं ठेवून तिनं त्याला सोडवून आणला होता. “म्हातारे, पुन्हा घावला तर आत घालीन,” असं फौजदार म्हणाला होता. तेव्हापासून कुणी खाकीतला माणूस दिसला की आईचा चेहरा उतरायचा. होमगार्ड दिसला तरी.

हे सगळं होऊन गेल्यावर आज आई माझ्याकडेच असते. दिगूनं घराबाहेर काढल्यावर जाणार कुठं? शेजारणी म्हणतात, लेक असावी तर अशी. मी तिला वेळेवर जेवायला वाढते, वेळेवर गोळ्या देते. बोलत मात्र नाही.

मेडिकलमध्ये गर्दी होती. सामान घेऊन परत आले तोवर दिगूला स्ट्रेचरवर घ्यायची तयारी चालली होती. दारात अँब्युलन्स लागलेली. 

“मिरजेला पाठवतोय याला,” डॉक्टर म्हणाले. त्यांच्या हातात साखर तपासायच्या यंत्रासारखं एक चिमुकलं यंत्र होतं. “दोघांच्या बोटाचं रक्त तपासलं. याचा आकडा सात आलाय.”

“म्हंजे काय, डॉक्टर?”

“लॅक्टेट म्हणतात त्याला. आत कुठं रक्त गळत असलं, शरीराला रक्त पुरत नसलं, की हे वाढतं. दोनच्या आत असावं लागतं. सात म्हणजे माणूस हातचा जायची भीती. त्यात हा बरळतोय, ओकतोय, कुणाला ओळखत नाही. डोक्यात आत मार असणार.”

दिगू खरंच बरळत होता. म्हसोबाला शिव्या देत होता, मध्येच पोराला हाका मारत होता. तो प्यायला की असाच बरळतो, हे आम्हाला पाठ होतं; पण आज डोकं फुटलेलं होतं. आणि तो प्यायलाय हे डॉक्टरांना कळलेलंच असणार, असं मी धरून चालले. ज्याच्या तोंडाला एवढा वास येतोय, त्याचं वेगळं काय सांगायचं?

“आणि यांचा?” मी मालकांकडे बोट केलं.

“सहा.”

“सहा! मग यांनापण पाठवा की!”

“यांचा सहा वेगळा आहे.” डॉक्टरांनी आवाज खाली आणला. “दारूनंसुद्धा हा आकडा चढतो, ताई. प्यायलेल्या माणसाचा सहा आला, तर त्यातला आजाराचा किती आणि दारूचा किती, हे आम्हाला सांगता येत नाही. हे चांगले बसलेत, बोलतायत. सलाईन लावू. दारू उतरली की आकडाही उतरेल.”

“आवं डॉक्टर, मघाशी सांगितलं न्हवं का मी? ते घेत न्हाईत.”

“बरं बरं,” डॉक्टर म्हणाले. लहान पोराला म्हणतात तसं. नवऱ्याची बाजू घेणाऱ्या बायका त्यांनी रोजच पाहिल्या असतील. मी आणखी काही बोलणार, तोच दिगूचं स्ट्रेचर हललं आणि आईनं हंबरडा फोडला.

अँब्युलन्सवाला म्हणाला, एकच माणूस, आणि धावपळ करू शकेल असा. आमचा चुलत भाऊ सर्जेराव त्याच्याच जीपनं आम्हाला घेऊन आला होता. तो अँब्युलन्समध्ये चढला. जीपची किल्ली त्यानं बरोबर आणलेल्या ड्रायव्हर पोराकडे दिली आणि आम्हाला म्हणाला, “हितंच थांबा, मी फोन करतो.” आई अँब्युलन्सच्या मागे रस्त्यापर्यंत धावली. जावळासाठी घेतलेलं नवंकोरं हिरवं लुगडं रक्तानं माखलं होतं. तिची मला फार कीव आली. खरं सांगते, त्या वेळी माझा सगळा जीव दिगूच्या मागं गेला होता. हे डोळ्यांसमोर होते, बोलत होते. यांची मला भीतीच वाटली नाही.

अँब्युलन्स गेली आणि खोली रिकामी झाली. मालक आडवे झाले, परत उठून बसले.

“पाणी दे गं जरा.”

मी तांब्या घ्यायला वळले, तर सिस्टर म्हणाल्या, “पाणी नका देऊ. प्यायलेल्याला उलटी होते, श्वासात जाते.”

“कोण प्यायलंय?” माझा आवाज चढला. “किती येळा सांगायचं तुमास्नी?”

सिस्टरनी माझ्याकडे न बघता आईकडे बघितलं. आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, “वैजू, हिकडं ये. दवाखान्यात असा आवाज करू ने.”

मी ओठ ओले करण्यापुरतं पाणी बोटानं लावलं. मालकांनी ते जिभेनं चाटून घेतलं.  या माणसानं कधी माझ्याकडे हट्टानं काही मागितलं नव्हतं. कपबशी समोर ठेवली तर चहा घ्यायचा, नाही ठेवली तर ड्यूटीवर निघून जायचं.

“लय तान लागलीय,” ते म्हणाले. “उन्हात गाडी चालवल्यागत.”

“दुखतंय का कुठं?”

“दुखत न्हाई. हितं जरा जड वाटतंय.” त्यांनी बरगडीखाली डाव्या बाजूला हात ठेवला. “कठड्यावर आपटलो ना. मुका मार असंल.”

“मग डॉक्टरांना का सांगितलं न्हाई?”

“सांगितलं की. म्हणाले, दारू प्यायल्यावर कळत न्हाई दुखतंय कुठं ते.” ते परत हसायला गेले, पण हसणं अर्ध्यात थांबलं. “मला हे नवीनच. जन्मात घेतली न्हाई आन् आज सगळ्या तालुक्यात दारुडा झालो.”

“डेपोत कळलं तर?” मी चिडवलं. त्यांना बरं वाटावं म्हणून.

“डेपोत कळलं तर मॅनेजर पेढं वाटंल. म्हणंल, शेवटी भानुदास मानसात आला.”

हा त्यांचा शेवटचा विनोद. त्यावर मी हसलेही होते.

मग ते तगमग करायला लागले. एका कुशीवर जमेना, दुसऱ्या कुशीवर जमेना. सलाईनचा हात सारखा ओढायचे. कपाळावर गार घाम आला होता, मी पदरानं पुसला की परत यायचा. ओठ मातकट दिसायला लागले. सिस्टर म्हणाल्या, “उतरल्याशिवाय शांत व्हायचे नाहीत.” त्यांना तरी काय बोल लावू? जे सांगितलं होतं त्यावरच त्या चालल्या होत्या.

मी डॉक्टरांना शोधायला बाहेर पडले. ते बाळंतिणीच्या खोलीत होते, आत बाई ओरडत होती. दाराबाहेरून मी हाका मारल्या. आतून आवाज आला, “येतो, येतो.” मी परत यांच्याकडे गेले, परत तिकडे आले. आई मध्येच म्हणाली, “सर्जाचा फोन आला का गं? दिगूचं काय कळलं का?” मी म्हणाले, “न्हाई आला.” ती परत भिंतीला टेकली.

डॉक्टर हात पुसतच आले. यांच्याकडे एकदा बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. नाडी धरली. रक्तदाब बघितला. तेच चिमुकलं यंत्र काढून यांच्या बोटाला सुई टोचली. यंत्राकडे बघत ते तसेच उभे राहिले.

“काय आलं?” मी विचारलं.

त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं. यांचा शर्ट वर केला, पोटावर हात ठेवला आणि हळूच दाबलं. मालक असे कण्हले की मी तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता. पोट फुगून कडक झालं होतं. ओल्या शर्टाखाली ते कुणालाच दिसलं नव्हतं.

“नऊ आलाय,” डॉक्टर म्हणाले. “सलाईन चालू असताना सहाचा नऊ झालाय. हे दारूचं नाही.” मग ते माझ्याकडे वळले. “ताई, नक्की सांगा. यांनी किती घेतली होती?”

“एक थेंब न्हाई! पहिल्यापासनं तेच सांगतीय मी!”

“मग तुमच्या आई का म्हणाल्या?”

मला आधी समजलंच नाही. “काय म्हणाली?”

“तुम्ही मेडिकलला गेलात तेव्हा मी यांना दाराबाहेर बोलावून विचारलं. म्हणाल्या, जावयांनीच घेतलीय, गाडी तेच चालवत होते. पोरगा शिवलेला नाही, त्याच्या अंगावर नुसती सांडलीय.” डॉक्टरांचा आवाज खरखरीत झाला होता. “म्हणून तर मी त्याचा सात खरा धरला. म्हणून तर त्याचं बरळणं डोक्याचं धरलं. आणि यांचा...”

 मी आईकडे वळले.

आई उठून उभी राहिली होती. पदराचं टोक तोंडात धरलेलं.

“आई?”

“अगं, सिस्टर म्हणत हुत्या, केस हुणार,” ती म्हणाली. “पोलीस येणार. मागच्या टायमाला फौजदारानं सांगितलं न्हवतं का, आत घालतो म्हणून? मला वाटलं, हे पोलिसांसाठीच इचारत्यात. पाव्हणं धडधाकट दिसत हुते गं. बसलेले, बोलत हुते. त्यांचं एस.टी.चं साहेब वळखीचं. त्यास्नी काय हुणार हुतं?”

डॉक्टर तिला म्हणाले, “आजी, मी पोलीस नाही हो.”

एवढंच. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. आई मात्र एकदम पुढे आली आणि त्यांचा हात धरून म्हणाली, “मग आता खरं सांगते की, डॉक्टर. पाव्हण्यांनी घेतली न्हाई. दिगूनं घेतलीय. गाडी दिगूच चालवत हुता. आता करा म्हणं काय करायचं ते. आता करा.”

करायला काय राहिलं होतं? आत प्लीहा का काय ती फुटली असणार, असं डॉक्टर म्हणाले. पोट उघडायला पाहिजे आणि रक्त पाहिजे, आणि इथे दोन्ही नाही. अँब्युलन्स दिगूला घेऊन मिरजेच्या रस्त्याला लागलेली. दुसरी बोलावली तर ती शेजारच्या तालुक्यातून येणार. डॉक्टर म्हणाले, जीप काढा, थांबू नका. त्यांनी स्वतः यांना उचलून जीपमध्ये ठेवलं, दुसऱ्या हाताला आणखी एक सलाईन लावली आणि बाटली माझ्या हातात दिली.

मालकांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. आई पायांशी बसली होती. ती सारखे त्यांचे पाय चोळत होती आणि म्हणत होती, “गार पडल्यात गं, वैजू. गार पडल्यात.”  माझ्या अंगात त्या वेळी एवढा राग होता की तोंड उघडलं असतं तर मी तिला जीपमधून ढकलून दिलं असतं.

मालक मध्येच डोळे उघडायचे. त्यांना वाटत होतं आपण ड्यूटीवर आहोत. ड्रायव्हर पोराला म्हणाले, “वळणावर हॉर्न दे रे.” पोरगं रडत रडत हॉर्न द्यायचं. मग त्यांनी मला विचारलं, “दिगूचं कसं हाय?”

“बरा हाय,” मी म्हणाले. मला ठाऊक नव्हतं, तरी म्हणाले.

“बरं झालं. बारकं पोर हाय त्याचं.”

त्यानंतर बोलले नाहीत. मिरज यायच्या बरंच आधी त्यांची मान माझ्या हातात जड झाली. मी बाटली वर धरूनच बसले होते. थेंब पडायचे थांबले होते, तरी मी हात खाली घेतला नाही. मला वाटलं, मी हात खाली घेतला तर ते खरं होईल.

मिरजेत डॉक्टरांनी यांना तपासलं आणि चादर ओढली. सर्जेराव धावत खाली आला. त्यानं एकदा जीपमध्ये बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि कपाळावर हात मारून घेतला. मग यांच्यासोबत तो गेला आणि मला म्हणाला, “आक्का, तू वर जाऊन बस. दिगू वर हाय.”

मला दिगूचं तोंड बघायचं नव्हतं. पण उभं राहायला तरी दुसरी जागा कुठं होती? मी आईच्या मागून जिना चढले.

दिगू खाटेवर उशीला टेकून बसला होता. डोक्याला पांढरी पट्टी, हातात चहाचा कागदी कप. तिथली डॉक्टरीण तरुण होती, कुणाचं काय झालंय हे तिला ठाऊक नव्हतं. ती हसून म्हणाली, “काळजी करू नका, आजी. डोक्याचा फोटो अगदी स्वच्छ आलाय. वरवरची जखम आहे, टाके घातलेत. लॅक्टेटचा आकडाही आपोआप उतरलाय. दारूचाच होता तो. उद्या घरी न्या.”

ती पुढच्या खाटेकडे गेली. दिगूनं आमच्या तोंडांकडे बघितलं. त्याची नशा पार उतरली होती.

“आक्का, दाजी कुठायत?”

 आई त्याच्याजवळ बसली, त्याला छातीशी धरलं आणि इतकी रडली की आजूबाजूचे लोक उठून बघायला लागले. दिगूला कळलं. त्याच्या हातातला कप पांघरुणावर सांडला. तो “माझ्यामुळं, माझ्यामुळं” म्हणून ओरडायला लागला, तशी आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या हातानं स्वतःचे डोळे पुसले. इकडेतिकडे बघितलं.

“गप. हे बघ, पोलीस येतील आता. गाडी तू चालवत न्हवतास. पाव्हणं चालवत हुते. आन् तू घेतली न्हवतीस.”

“आई, आक्का हितंच उभी हाय,” दिगू म्हणाला.

“असू दे. तिला काय कळत न्हाई व्हय? त्यास्नी आता कोण काय करणार हाय? तुझ्यामागं पोर हाय बारकं.” मग ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे रडून सुजले होते आणि तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल मायाच होती, हे मी आज शपथेवर सांगेन. “वैजू, तुला इचारलं तर तूबी हेच सांग.”

मी तसं सांगितलं नाही. हवालदार आला तेव्हा जे होतं तेच सांगितलं. गाडी माझा भाऊ चालवत होता, तोच प्यायलेला होता, माझा नवरा जन्मात दारूला शिवला नाही. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं. आईचा आणि दिगूचा जबाब त्यानं माझ्याआधीच घेतला होता.

“ते दोघं एकच सांगतायत, बाई. तुमचंच वेगळं येतंय,” तो म्हणाला, आणि जरा थांबून, मला बरं वाटावं म्हणून, हळू आवाजात म्हणाला, “नवरा गेल्यावर सगळ्याच बायका असं सांगतात.”